लाल खुणेचे बटण

ओझरची थंडी ही नाशिकच्या थंडीची थोरली बहीण. नाशिकात एका स्वेटरवर भागते. आमच्याकडे पौषातल्या पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की कानटोपी, मफलर आणि सौभाग्यवतींची जुनी शाल एवढा सरंजाम अंगावर चढवल्याशिवाय फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी आत आणण्याचे धैर्य मला होत नाही. निफाडकडच्या मळ्यांतून अशा रात्री द्राक्षांसाठी शेकोट्या पेटतात. वेलींची एवढी काळजी. मराठीच्या प्राध्यापकाला कोण विचारतो?

गेल्या पौषातली गोष्ट. आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी सातला नाशिकला पोहोचायचे होते. अंतर वीसेक किलोमीटरचे. पण आईचे वय अठ्ठ्याहत्तर आणि सोबतीला दमा. माझी मोटार जुनी, रात्रभर अंगणात उभी. आतली बैठक हाताला बर्फासारखी लागत होती.

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली, "शेगडी ठेव पायांशी आणि काचा घट्ट लावून घे."

सूचना मला मनापासून आवडली. बाहेर धुके, आत लालबुंद निखारे आणि सुखाने गप्पा मारीत निघालेले मायलेक! शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एवढे चित्र पुरते. मी कोळसे फुलवले, शेगडी मागच्या बैठकीपुढे ठेवली आणि एकेक काच वर चढवली.

तेवढ्यात शेजारचे काका फिरायला निघाले. १९६४ साली मिग विमाने बांधण्यासाठी ओझरला हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना निघाला. तिथे उमेदीची वर्षे घालवून ते निवृत्त झालेले. एरवी अत्यंत मृदुभाषी गृहस्थ, पण फाटकाशी थबकून ते चक्क ओरडले, "सर, शेगडी आधी बाहेर काढा!"

मग त्यांनी मला शांतपणे समजावले. कोंडलेल्या जागेत कोळसा जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूने बसायचे तिथे हा घुसखोर ठाण मांडतो. डोके जड होते, गुंगी येते, आणि माणसाला वाटते, ऊब लागली म्हणून डोळा लागतोय.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. मोटार सुरू झाली की पाचव्या मिनिटाला डुलकी घेणे ही आईची जुनी सवय. मी आरशातून तिच्याकडे पाहिले असते आणि 'बरी झोप लागली' म्हणून समाधानाने गाडी हाकीत राहिलो असतो!

"मग ऊब आणायची कुठून?" मी विचारले.

"चार वर्षं गाडी चालवताय, हे लाल खुणेचं बटण कधी फिरवलंत का?"

ते मी शोभेचे समजत होतो. काका म्हणाले, जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावाटे वाया जाते. तेच गरम पाणी समोरच्या फळीमागच्या लहानशा जाळीतून फिरते आणि पंखा तिच्यावरून हवा आत ढकलतो. "मात्र काटा चढेपर्यंत पंखा लावू नका, गार वाराच येईल. काचेवर वाफ धरली तर बाहेरची हवा आत घ्या. आणि बंद गॅरेजात इंजिन कधी चालू ठेवू नका. त्याच्या धुरातही तोच वायू असतो."

आईला घोंगडीत गुंडाळून आम्ही निघालो. दहावा मैल मागे पडला, काटा चढला. मी बटण लालकडे फिरवले आणि पायांशी खरोखरच ऊब खेळू लागली. इतकी वर्षे ही ऊब माझ्या पुढ्यात फुकट जात होती आणि मी कुडकुडत होतो!

आडगावच्या अलीकडे आईची मान कलली.

"आई?" मी हाक मारली.

"हं."

दोन मिनिटांनी पुन्हा, "आई?"

"अरे, आहे मी!" ती डोळे मिटूनच खेकसली. "आता जरा ऊब आलीय, तर झोपू देशील की नाही?"