मधला घाट

मुंबईकराला पुण्याचे काही पसंत पडत नाही आणि पुणेकराला मुंबईचे काहीच पसंत पडत नाही. तरीही ही दोन शहरे रात्रंदिवस एकमेकांकडे धावत असतात. या दोघांच्या मध्ये बोरघाट आहे. खाली खोपोली, वर खंडाळा, आणि मधे सह्याद्रीचा तो सरळसोट कडा. वाटेत माणसाने क्षणभर थांबून खाली कोकणाकडे पाहावे यासाठीच जणू ही जागा निर्माण झाली. पण थांबतो कोण? २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून घाट आला हे पुष्कळांना कळते ते केवळ कानांत दडे बसतात म्हणून.

या घाटात तीन वाटा एकमेकींच्या अंगावर रेलून चढतात. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० च्या नोव्हेंबरात, गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. मग १८६३ साली रेल्वे आली आणि शेवटी हा आठ पदरी-सहा पदरी कारभार. पूर्वी वर चढताना एक जुना दगडी पूल लागे. डोकेदुखीच्या मलमाची जाहिरात त्यावर होती, म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. ज्या ठिकाणी तासन्‌तास वाहने तुंबून राहत त्या ठिकाणाला याहून समर्पक नाव कोणा कवीलाही सुचले नसते. २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीत रस्ता ओस पडला असताना, तो पूल पाडला.

माझे माहेर मुंबईचे, सासर पुण्याचे. नोकरी मुंबईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवण्याची. तेव्हा हा घाट मी किती वेळा ओलांडला असेल याचा हिशेब नाही. परंतु तो मला खरा कळला तो २०२४ च्या जुलैनंतर, आणि तोही एका सात वर्षांच्या मुलाच्या बोटाला धरून.

त्या जुलैत आम्ही तिघे पुण्याहून परत येत होतो. गाडी आमचे हे चालवीत होते. घाटात धुके उतरले होते, पाऊस तिरपा येत होता. मागून आलेला एक टेंपो ओल्या रस्त्यावर घसरला आणि आमच्या गाडीवर आदळला. गाडी गर्रकन फिरून कठड्याला भिडली. यांच्या गळपट्टीचे हाड मोडले. मला काचेचे ओरखडे. चिरंजीव मागे आपल्या उंच सीटवर पट्टा बांधून बसले होते, ते शुद्धीत होते, रडतही नव्हते. त्याचे ते न रडणेच मला अधिक भिववून गेले.

पहिला माणूस धावून आला तो एका दाक्षिणात्य मालमोटारीचा चालक. त्याला मराठी येत नव्हते, आम्हांला त्याची भाषा येत नव्हती. त्याने मुलाला उचलले, रस्त्यापासून दूर कठड्यापलीकडे नेले, स्वतःच्या चादरीत गुंडाळले आणि १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशेजारी उकिडवा बसून राहिला. नंतर नाव विचारले तर हात जोडून निघून गेला. अपघातात मदत केली की पोलीस मागे लागतात, ही भीती आपल्याकडे अजून मुरलेली आहे; म्हणून हे मुद्दाम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि मोटार वाहन कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीत अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याने नाव सांगावे की न सांगावे, हेदेखील त्याच्या मर्जीवर. आणि २०२५ पासून तर रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची योजना केंद्र सरकारने केली आहे.

रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी मुलाचा सदरा वर केला. पट्ट्याची निळी-जांभळी रेघ पोटावर उमटली होती. ‘याच पट्ट्यानं वाचवलंय त्याला,’ ते म्हणाले, ‘पण पोटावर अशी खूण असली की आत काही दुखावलं नाही ना, हे पाहावंच लागतं.’ त्यांनी त्याला रात्रभर ठेवून घेतले. घरी सोडतानाही बजावले की अजून एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहा. पुन्हापुन्हा उलटी, न आवरणारी गुंगी, वाढती डोकेदुखी, पोटात दुखणे, काहीही वाटले तरी तडक घेऊन या. तसे काही झाले नाही. आठ दिवसांत ती रेघ पिवळी पडली आणि पुसली गेली.

मग दुसरे प्रकरण सुरू झाले. त्याची कल्पना कोणी दिली नव्हती.

चिरंजीवांनी दिवाणखान्यात घाट बांधला. उशांचा कडा, चटईचा रस्ता. त्यावर काड्याच्या पेटीची मोटार यायची, मागून डबा यायचा, धाडकन आदळायचा. पुन्हा मोटार, पुन्हा डबा. दिवसातून वीस वेळा. रात्री अंथरुणात येऊन मला चिकटे. जी सवय तीन वर्षांपूर्वी सुटली होती तीही परत आली. सकाळी चादरी वाळत घालाव्या लागत. मोटारीत बसायचे म्हटले की पाय घट्ट रोवून उभा राही. रिक्षाला आडकाठी नव्हती. ‘रिक्षा हळू असते,’ हे त्याचे शास्त्र.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की तो विषय त्याच्यासमोर काढूच नका, लेकरू विसरून जाईल. एका पिढीचे शहाणपण त्यात होते, आणि त्यामागची माया मला कळत होती. पण ज्याच्या खेळात दिवसाला वीस अपघात होतात, तो विसरतो आहे असे कसे म्हणावे? आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, खेळू द्या. मुले जे बोलू शकत नाहीत ते खेळतात. विचारील तेवढे खरे सांगा, न विचारलेले त्याच्यावर लादू नका. जेवणाखाण्याची, शाळेची, झोपेची वेळ मोडू नका. बहुतेक मुलांचे हे काही आठवड्यांत ओसरते. महिना उलटला आणि तरीही तसेच राहिले किंवा वाढले, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायला लाजू नका. जाता जाता त्या मला म्हणाल्या, ‘आणि तुम्ही झोपता का नीट?’ या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही.

एके सकाळी त्याने विचारले, ‘आपली गाडी कुठे आहे?’ मी सांगितले, मोडक्या गाड्यांच्या आवारात. ‘माझी लाल बाटली?’ विमा कंपनीच्या माणसाबरोबर पाहणीला हे गेले तेव्हा ती बाटली घेऊन आले. तिला साधा पोचाही नव्हता. मुलाने ती धुतली, भरली आणि शाळेला नेली. त्याची सीट मात्र आम्ही टाकून दिली. वरून ती धडधाकट दिसत होती. पण जबर धक्का सोसलेल्या सीटला आतून डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असू शकते, म्हणून ती पुन्हा वापरू नये असा नियम आहे. भंगारवाल्याला देण्याआधी तिचे पट्टे कापून टाकले, न जाणो कोणी स्वस्तात आपल्या मुलासाठी उचलली तर.

ऑगस्टअखेर अंथरूण कोरडे राहू लागले. उशांचा घाट हळूहळू पडला. मोटार मात्र नकोच. आणि दिवाळी तर पुण्यालाच करायची होती.

आम्ही आगगाडीने गेलो. घाटाची खरी ओळख व्हायची तर ती रेल्वेतूनच व्हावी, असे माझे मत आहे. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिने लागतात. वडे खिडकीतून आत येतात. मग सदतीस फुटांना एक फूट अशा चढणीवर गाडी कण्हत-कुंथत निघते. बोगदा, उजेड, दरी, पुन्हा बोगदा. मुलगा माझ्या मनगटाला घट्ट धरून बसला होता. त्याला मी या रुळांची गोष्ट सांगू लागले.

ही गोष्ट प्रत्येक मुंबई-पुणे करणाऱ्याला ठाऊक असायला हवी. १८५६ साली रेल्वे खालून खोपोलीपर्यंत येऊन थांबली. १८५८ साली वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरी गाडी सुरू झाली. खाली गाडी, वर गाडी. मधला घाट तेवढा रिकामा. प्रवाशाने खोपोलीला उतरावे, पालखीत, तट्टावर नाहीतर आपल्या दोन पायांनी घाट चढावा आणि वर जाऊन दुसऱ्या गाडीत बसावे. अशी पाच वर्षे गेली. तोवर हजारो मजूर कड्यावर राबत होते. पंधरा-सोळा मैलांत अठराशे फुटांची चढण, पंचवीस बोगदे. पटकीने माणसे मरत. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, काम टाकून परत न जाता जाणत्या इंजिनीयरांच्या हाती ते सोपवून पुरे करून घेतले. घाटातल्या मजुरांची नावे मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

‘तिला भीती नाही वाटली?’ मुलाने विचारले.

‘वाटली असेल.’

‘मग?’

‘मग काय, काम होतं.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मधला घाट राहिला होता ना, म्हणून.’ आणि मनगट सोडून वडा खाऊ लागला.

पुण्यात सासूबाईंनी दारातच मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा असा ठसका उठला की आजी, नातू आणि आमचे हे तिघेही डोळे पुसत बसले. खोकता खोकता नातवाने आजीला सगळा अपघात पहिल्यापासून सांगितला. टेंपो, चादर, रुग्णवाहिकेचा भोंगा, काही म्हणता काही गाळले नाही. ‘विषय काढू नका’ म्हणणाऱ्या सासूबाईंनी मधे एकदाही त्याला अडवले नाही.

जानेवारीत आम्ही दोघेच लोकलने खोपोलीला गेलो. खोपोली हे गाव लोक मागे टाकण्यासाठीच पाहतात. पण १९१५ साली डोंगरमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या फिरवल्या, ती इथेच. जवळच महडचा वरदविनायक. दर्शन घेतले आणि जुन्या रस्त्याने वर जाणारी एस. टी. धरली.

या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवे म्हणताच त्याने आपल्या मुलखाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. जाणारे-येणारे चालक इथे नाणे टाकतात. आमच्या चालकानेही गाडी मंद केली. मुलाने खिडकीतून रुपया टाकला आणि विचारले, ‘तो ट्रकवाला काका पण इथे टाकत असेल?’ मी म्हटले, टाकत असेल.

वर चढून जुना रस्ता काही अंतर द्रुतगती मार्गात मिसळतो. ती जागा याच पट्ट्यात आहे. मी गप्प होते; माझे तळहात ओले झाले होते. त्यानेच विचारले, ‘कुठे झालं होतं?’ मी बोट दाखवले. कठडा होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, पलीकडे स्वच्छ उन्हात दरी. एस. टी. त्याच्यासमोरून गेली.

‘इथे तर काहीच नाही,’ तो म्हणाला.

त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग झोपले.

मोटार मेमध्ये आली. यांचा खांदा तोवर बरा झाला होता, जुनीच पण मजबूत गाडी घेतली, नवी सीट घेतली. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाचे आसन हवेच, असे कायदा सांगतो. आमच्या घरात आता मुलगाच हवालदार झाला आहे. सर्वांचे पट्टे खटकन लागल्याचा आवाज ऐकल्याखेरीज गाडी सुटू देत नाही. आधी फक्त इमारतीभोवती फेरी, मग दादरपर्यंत, मग एका रविवारी पनवेल. त्यानंतर घाट. त्याने अट घातली: जुन्या रस्त्याने, रुपया टाकून. आणि ‘बाबा, हळू’ म्हटले की हळू.

यांनी घड्याळ पाहून कुरकुर केली, पण गाडी खोपोलीकडेच वळवली. तेव्हापासून आमचा हा रिवाज पडला आहे. पुण्याला पोहोचायला पाऊण तास अधिक लागतो. सासूबाई आता त्या हिशेबानेच पोळ्यांचा तवा ठेवतात.