हाड हिशेब ठेवतं!

हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि हे ऐका! खुब्याचा सांधा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, एवढं आपल्याला माहीत असतं. पण त्या दांडीभोवतीचं हाड पुढे काय करतं? मी काही डॉक्टर नाही, पण हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये!

ते हाड बदलतं! टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ, कोबाल्ट-क्रोम तर दहापटीहून जास्त! म्हणून अंगाचा भार वरच्या हाडाला वगळून दांडीतून थेट खाली उतरतो, आणि मग वरच्या हाडाला कामच उरत नाही, आणि मग शरीर तिथलं हाड हळूहळू काढून घ्यायला लागतं! भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. एक्स-रेचा शोध लागायच्या तीन वर्षं आधी!

आता खरी गंमत. हे मोजायचं कसं? साध्या एक्स-रेवर जवळजवळ तीस टक्के हाड जाईपर्यंत नजरेला पत्ता लागत नाही. इथे डेक्सा स्कॅन कामी येतो! दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे एक्स-रे सोडतात, हाड आणि मांस ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, आणि मग त्या फरकावरून दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते निघतं. आणि धातू? तो सॉफ्टवेअर ओळखतं आणि चक्क वगळतं! उरतं फक्त दांडीच्या कडेचं हाड.

आणि मग दांडीभोवतीच्या हाडाचे ते सात विभाग! ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये सिमेंटने बसवलेल्या दांड्या कुठे सैल होतात हे पाहायला आखले, आणि आज घनताही त्यांतच मोजतात. बाहेरच्या बाजूला वर एक नंबर, तिथून खाली दोन, तीन, टोकाशी चार, मग आतल्या बाजूने वर चढत पाच, सहा, आणि सगळ्यात वर सात. माझा जीव अडकलाय तो या सातात! बहुतेकदा सर्वांत जास्त हाड तिथूनच जातं, अनेक अभ्यासांत वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त, आणि तेही मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात! पुढे वेग मंदावतो. माणूस मात्र मजेत चालत असतो, त्याला काही जाणवतही नाही. पण उद्या दांडी बदलायची वेळ आली तर नवी बसवायला हाड शिल्लक हवं ना!

म्हणून पहिला स्कॅन ऑपरेशननंतर लगेच काढतात, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहतात. आणि पाय दर वेळी अगदी तसाच ठेवावा लागतो! मांडी जराशी आत-बाहेर वळली तरी आकडा हलतो, म्हणून पाऊल आधाराला बांधून ठेवतात. एका पावलाच्या कोनावर एवढं अवलंबून!

तुमच्या घरी कुणाचा खुबा बदललाय का? मग कपाटातली ती एक्स-रेची फिल्म काढा, खिडकीशी धरा, बाहेरच्या बाजूने वरून मोजायला सुरुवात करा, टोकाला वळसा घाला, आणि सात नंबर सापडला की मला लगेच फोन करा!