हमाली आणि बक्षिसी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरातील आठ माणसे जून महिन्यात भूमध्य समुद्रातील जहाज-सफरीला गेली. निमित्त होते घरातील थोरल्या दांपत्याच्या विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाचे. घरात ज्यांना सारे अण्णा म्हणतात ते पेढीचे मालक, त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, दोन सुना, एक नातू आणि एक नात असा परिवार होता. बार्सिलोनाहून निघायचे, मार्सेय, रोमसाठी चिवितावेक्किया आणि नेपल्स ही बंदरे पाहायची आणि सात रात्रींनी पुन्हा बार्सिलोनास परतायचे, असा बेत होता.

निघण्यापूर्वी घरात काळजी होती ती जेवणाची. भडंग, शेंगाचटणी, मेतकूट आणि खाखऱ्यांचे डबे सामानात होतेच. परंतु जहाजावर त्यांची फारशी गरज पडली नाही. पहिल्याच सायंकाळी भोजनगृहातील मुख्य वाढपी टेबलाशी आला, कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे चालणार नाहीत हे त्याने वहीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी काय करावे तेही विचारले. त्या सागरी प्रदेशात जूनमध्ये सूर्य साडेआठ ते साडेनऊच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सायंकाळी सहाची पहिली पंगत घेतली की सूर्यास्तापूर्वीचे भोजन सहज साधत होते. दोन्ही सुनांना आठ दिवस स्वयंपाकघराची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी नातवाने खोलीतील दूरदर्शन संचावर कुटुंबाचा हिशेब उघडला. त्यात प्रत्येक माणसाच्या नावावर दररोज १८ डॉलरची एक ओळ होती : ग्रॅच्युइटी. अण्णांनी कागद मागवला नाही. त्यांचा हिशेब तोंडीच असतो. आठ माणसे, सात दिवस, १००८ डॉलर. रुपयांत पंचाऐंशी हजारांच्या घरात.

अण्णा चिडले, आणि त्यांच्या चिडण्याला आधार होता. सहल ठरवून देणाऱ्या मध्यस्थाने या रकमेविषयी चकार शब्द काढला नव्हता. ती अट करारपत्रात होती, पण बारीक अक्षरांत. ज्या माणसाने पन्नास वर्षे भाव ठरल्याशिवाय पोत्याची शिवण उसवू दिली नाही, त्याला न सांगता लागलेली रक्कम टोचणारच. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक मुद्द्याचा होता. बक्षिसी ही देणाऱ्याच्या खुशीची गोष्ट. सक्तीची असेल तर ती बक्षिसी नव्हे आणि खुशीची असेल तर तिला बिलात जागा नाही. नातवाने अटी वाचून सांगितले की, काउंटरवर जाऊन कळवले तर ही रक्कम कमी करून मिळते. अण्णांनी लगेच ठरवले. ती ओळ काढून टाकायची आणि शेवटच्या दिवशी खोली आवरणारा मुलगा, वाढपी आणि मुख्य वाढपी या तिघांच्या हातात पन्नास-पन्नास डॉलर ठेवायचे. ज्याने सेवा केली त्याच्या हाती पैसा पडेल आणि मधला कुणी तो खाणार नाही.

त्यांच्या पत्नी साडीची घडी घालीत हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, यार्डात गाडी उतरली की हमालीची ओळ लागते. ती कधी खोडलीत का?”

“ती हमाली आहे. ती ठरलेली असते.”

“मग ही काय आहे ते आधी विचारा. खोडायचे नंतर ठरवा.”

मुख्य वाढपी गोव्याचा, सासष्टीतला होता. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देशाचे नाव असल्यामुळे पहिल्या दिवशीच ओळख निघाली होती. त्याचे वडीलही बोटीवर होते आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावला गावाच्या कुडीत राहत असत. गोव्यातील कित्येक गावांनी आपल्या माणसांसाठी मुंबईत असे क्लब काढले होते. त्यांना कूड म्हणतात आणि दर्यावर्दी गोवेकरांच्या कित्येक पिढ्या तेथे आपल्या ट्रंका ठेवून बोटीची वाट पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपल्यावर अण्णांनी त्याला बाजूला घेऊन सरळ प्रश्न केला. तो क्षणभर थांबला. पाहुण्यांकडे पैशाचा विषय काढण्याची त्याला परवानगी नव्हती. पण पाहुण्यानेच विचारल्यावर त्याने उत्तर दिले. तो म्हणाला, “अंकल, ही रक्कम काढली तर तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. उद्याचे जेवण आजच्यासारखेच येईल. पण आमच्या घरी जो पैसा जातो, त्यात मूळ पगार थोडा आणि ही वाटणी मोठी. जहाजभर मिळून जे जमते, त्यातून ती होते.” मग त्याने एवढेच सांगितले की, त्याचा करार आठ महिन्यांचा आहे आणि त्यातले पाच झाले आहेत. घरी कोण आहे, मुले किती, यातले त्याने काहीच सांगितले नाही.

अण्णांना ही रचना समजायला वेळ लागला नाही, कारण तिच्या जवळची एक रचना ते रोज पाहतात. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाल्यापासून नोंदीत व्यापारी हमालाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती हमालाच्या खात्यावर देते. पोते कोणत्या हमालाने उचलले हे व्यापारी पाहत नाही, आणि एखाद्याने पोते जरा जोरात टाकले म्हणून हमालीच्या ओळीवर काटही मारत नाही. जहाजावरची ओळ त्याच जातीची आहे. नाव बक्षिसीचे, काम मजुरीचे. फरक एकच आणि तो महत्त्वाचा : माथाडी मंडळाच्या मागे कायदा उभा आहे, तर जहाजावरची वाटणी कंपनीच्या नियमाने होते आणि प्रवाशाला ती नाकारण्याची मुभा आहे.

ही मुभा कोठून आली, याला इतिहास आहे. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर पुलमन कंपनीने झोपण्याच्या डब्यांतून सेवेसाठी गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय लोक नेमले. पगार अगदी तुटपुंजा ठेवला आणि उरलेले प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडून दिले. त्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली आणि कंपनीकडून लेखी करार मिळवण्यास त्यांना १९३७ साल उजाडले. मालकाने द्यायच्या पगाराचा भार ग्राहकाच्या मर्जीवर टाकण्याची ती रीत अमेरिकी प्रवाशांबरोबर जहाजांवरही नांदत आली आहे. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटे वाटण्याची चाल होती; आता बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर खात्यावरच लावतात.

जहाजांची नोंदणी बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत असते आणि जहाजावर नोंदणीच्या देशाचा कायदा चालतो. खलाशी आणि सेवक येतात ते फिलिपीन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतून. २००६ चा सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही त्यास मान्यता दिली. त्यात विश्रांतीची किमान मर्यादा आहे : चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास. याचा उलट अर्थ वाचला की, आठवड्याला एक्क्याण्णव तासांपर्यंतचे काम नियमात बसू शकते हे कळते. महिनोन्‌महिने सुटीचा अखंड दिवस मिळणे त्यांच्या वाट्यास क्वचितच येते.

अण्णांच्या मनात दुसरी गोष्ट आली ती त्यांच्या स्वतःच्या ताटाविषयी. त्यांनी ठरवलेली तीन पाकिटे ज्या तिघांना मिळणार होती, ते तिघेही समोर दिसणारे होते. परंतु आठ माणसांसाठी वेगळी भाजी वेगळ्या भांड्यात कोणी केली? ती भांडी कोणी घासली? खोलीतील चादरी तळमजल्यावरील धुलाईखान्यात कोणी धुतल्या? ती माणसे प्रवाशांच्या मजल्यांवर येतच नाहीत. हातातून हातात दिलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. जी काही वाट होती ती त्या वाटणीतूनच.

याचा अर्थ अण्णांची तक्रार खोटी होती असे नव्हे. पगाराचा खर्च भाड्यात धरून एकच भाव सांगणे हा सरळ व्यवहार आहे आणि काही कंपन्या, विशेषतः महागड्या जहाजांच्या, तो करतातही. इतरांनी भाडे कमी दाखवावे आणि फरक मागून वसूल करावा, हे व्यापाऱ्याला पटण्यासारखे नाही. परंतु ही तक्रार कंपनीशी होती आणि मध्यस्थाशी होती. ओळ खोडली असती तर त्या दोघांचे काही बिघडले नसते. हिशेब मालकाशी आणि वजावट हमालाच्या मजुरीतून, असे झाले असते. अण्णा काउंटरवर गेले ते रक्कम काढण्यासाठी नव्हे. तिकीट काढतानाच हा आकडा ठळक अक्षरांत सांगावा, अशी लेखी सूचना त्यांनी नातवाकडून इंग्रजीत लिहवून तेथे दिली.

त्याच वेळी घरातील एक गफलतही उघडकीस आली. धाकटी सून रोज मुलांसाठी फळांचा रस मागवीत असे. त्या पावतीत १८ टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते आणि खाली आणखी एक रिकामी ओळ ठेवलेली असते. ती भरलीच पाहिजे अशा समजुतीने तिने दोनदा पाच-पाच डॉलर लिहिले होते. ती रिकामी ओळ तशीच सोडली तर त्यात काही गैर नाही. बक्षिसी देणे हाही एक व्यवहार आहे. तो अज्ञानाने झाला की देणाऱ्याला चुटपुट लागते आणि घेणाऱ्यालाही त्यात मान नसतो.

मग खुशीने द्यायचे ते काय? अखेरच्या रात्री चार पाकिटे तयार झाली. दोन खोल्या आवरणाऱ्या मुलांची, एक वाढप्याचे आणि एक मुख्य वाढप्याचे. रक्कम पन्नासची वीस झाली होती, कारण मजुरी आधीच चुकती झाली होती. पैसे नोटांत होते. निरनिराळ्या बंदरांची नाणी सेवकांना बदलून घेता येत नाहीत, म्हणून चिल्लर देऊन हात मोकळे करण्याची सवय बरी नव्हे. पहिल्या दिवशीच काही रक्कम देऊन टाकावी, म्हणजे सेवा चांगली मिळेल, असे थोरल्या मुलाने सुचवले होते. अण्णांनी ते मोडून काढले होते. आधी दिले तर ते इसार होते आणि मग आठ दिवस मनात वसुली चालते. पाकिटे मुलांकडून न पाठवता दोघा वृद्धांनी स्वतः दिली, आणि प्रत्येकाला नावाने हाक मारून दिली. शिवाय नातीने प्रवासाच्या अभिप्रायपत्रात त्या चौघांची नावे बिनचूक लिहिली. पुढच्या करारात, बढतीत अशा नोंदीचा उपयोग होतो, असे मुख्य वाढप्यानेच सांगितले होते. उरलेला भडंगाचा डबा त्याने मागून घेतला. खाखऱ्यांचेही दोन पुडे त्यांनी देऊ केले. ते मात्र त्याने हसून परत केले.

सांगलीस परतल्यावर अण्णांनी सहलीचा खर्च वहीत उतरवला. १००८ डॉलरची रक्कम त्यांनी ‘मजुरी’ या सदराखाली लिहिली आणि पाकिटांचे ८० डॉलर ‘बक्षीस’ या सदराखाली. येथपर्यंत मुनीमजींना काही वेगळे वाटले नाही.

वेगळे झाले ते दिवाळीपूर्वी. पेढीवर दोन पोरे काम करतात. त्यांना कामावर घेताना, “पगार एवढा, शिवाय दिवाळीला पोस्त मिळेल, गिऱ्हाइकेही चहापाण्याला देतात,” असे सांगण्याची त्या घरात वडिलांच्या वेळेपासून रीत होती. पोस्त आणि चहापाणी धरूनच पगाराचा आकडा ठरत असे, आणि तो तेवढ्याने कमी असे. मुनीमजींनी नेहमीप्रमाणे पोस्तीचा तक्ता पुढे ठेवला, तेव्हा अण्णांनी तो बाजूला सारून आधी पगाराचे पान काढायला सांगितले. दोघांचा पगार वाढवून लिहून झाला. मग पोस्तीचा तक्ता पुन्हा समोर आला.

“मालक, आता पोस्त कमी करायची ना?” मुनीमजींनी विचारले.

“नाही,” अण्णा म्हणाले, “ती वेगळी.”