भीतीपलीकडचा परसवाडा

मध्य प्रदेशातल्या परसवाड्याला जातो म्हटल्यावर सहकाऱ्यांनी मला नक्षलवाद्यांची आठवण करून दिली. भीती अगदीच निराधार नव्हे. १९९९ मध्ये याच बालाघाट जिल्ह्यात मंत्री लिखीराम कावरे यांची हत्या झाली होती. पण तेवढ्यावरून मुलूख कळत नाही. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्यामुळे आपल्या घरांत मराठी-कन्नड मिसळते, तशी इथे हिंदीत मराठी आणि पोवारी मिसळते. पर्यटक मुक्कीच्या फाटकातून कान्हाचा वाघ पाहून परततात. धान, कोदो-कुटकी पिकवणारे, मोहफुले वेचणारे गोंड-बैगा त्यांना दिसतच नाहीत. आपल्या सीमाभागाचाही बाहेर फक्त तंटाच माहीत असतो. म्हणून वाचकहो, कान्हाला गेलात तर एक दिवस या गावांसाठीही ठेवा.