जुडी आणि पुडा

आमच्या घरात कॉफी म्हणजे एकादशीचं पेय. जायफळ घालून, दुधात अशी बुडवलेली की कॉफीचा वास आलाच तर तो अपघात समजावा! त्यामुळे चिरंजीवांनी अराकूच्या सेंद्रिय कॉफीचा पुडा टेबलावर ठेवला, तेव्हा मी आधी किंमत वाचली. बँकेत 22 वर्षं काढलेला माणूस अक्षरांआधी आकडे वाचतो.

"बाबा, शेतकऱ्याला भाव चांगला मिळतो यात."

मी पडलो बी.कॉम. चौकशी केली. अराकू आंध्रात, पूर्व घाटात. आदिवासींची एकदोन एकरांची जमीन, झाडांच्या सावलीत कॉफी, शेजारी मिरीचे वेल. लाल झालेलं फळ तेवढंच हाताने तोडायचं. सेंद्रियचा दाखला एकट्याला परवडत नाही, म्हणून लहान शेतकरी तो गटाने काढतात. एकाने लबाडी केली की सगळ्यांचा दाखला धोक्यात. (हा नियम आमच्या सोसायटीला लावला, तर पाणी दोन तास जास्त येईल.) 2017 साली ही कॉफी पॅरिसच्या दुकानात पोचली. आपल्या मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे मात्र मला पंचेचाळिशीत कळलं.

न्याय्य व्यापाराचा पहिला शिक्का 1988 साली हॉलंडात, मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर बसला. बाजार कितीही कोसळो, ठरल्या भावाखाली खरेदी नाही. 2023 साली धुतलेल्या अरेबिकाचा हा किमान भाव पौंडाला 1.80 डॉलर केला. हे वाचून मला वडील आठवले. ते काजूबी घेऊन बाजाराला जात. भाव व्यापारी सांगे. वजनही तोच सांगे.

घोटभर काळी कॉफी पिऊन, न्यायबुद्धी जागी ठेवून, संध्याकाळी दहिसर स्टेशनबाहेर भाजीला गेलो. सफाळ्याहून येणाऱ्या मावशी मेथी घेऊन बसल्या होत्या.

"तीस? पंचवीस करा!"

"पहाटेची गाडी पकडून येतो हो साहेब."

"बरं, पंचवीसच घ्या."

घेतले बिचारीने. पुलाच्या निम्म्यावर गेलो आणि वडिलांची ती काजूची पिशवी डोळ्यांसमोर आली. परत फिरलो, पाचाचं नाणं पुढे केलं. मावशींना वाटलं, मी आणखी काहीतरी मागतोय. त्यांनी नाणं घेतलं आणि मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. दहा रुपयांची तरी असेल. नको म्हणेपर्यंत त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्याही.

घरी हिने पिशवी उलटी केली.

"कोथिंबीर वर घेतलीत? जमायला लागला हो तुम्हाला बाजार!"

मी गप्प बसलो. कॉफी मागितली. जायफळ घालून.