चित्रातली गर्दी, जिन्यावरची गर्दी

२०१९ च्या अखेरीस मुंबईत फोर्टातल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धनांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आईला घेऊन गेलो. दाराशी ती थबकली. “चपला काढायच्या का रं?”

पटवर्धन हे डॉक्टर. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात एक्स-रे तपासणीचे काम केले आणि चित्रेही काढली. लोकलचा डबा, इराण्याचे हॉटेल, गिरणगाव, उल्हासनगर हे त्यांचे विषय. त्यांच्या चित्रातला कष्टकरी माणूस बापुडा दिसत नाही. जाड हाडाचा, दमलेला, आपल्याच विचारात असतो. खांद्याला खांदा लागलेला, तरी एकटा.

आमचे वडील लोअर परळच्या गिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले, ते कायमचेच. आई बराच वेळ चित्रांपुढे उभी राहिली.

“माणसं खरी हायेत,” ती म्हणाली, “पर कुणी हसत का नाय? आपण काय रडतच चालत हुतो?”

मला तिचे पटले. पाळी सुटल्यावरचा गलका, थट्टा, शिव्या त्या शांत चित्रांत फारशा ऐकू येत नाहीत.

परतताना ती लोअर परळला उतरू म्हणाली. पटवर्धनांचे याच नावाचे २००१ सालचे चित्र आहे. त्यात गिरण्यांच्या चिमण्या आहेत आणि उंच इमारती वर येऊ लागल्या आहेत. आम्हाला मात्र आता इमारतीच दिसल्या. डिलाईल पूल जुलै २०१८ पासून बंद होता (तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला). संध्याकाळी सहाला स्टेशनच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्याच स्टेशनात, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडला, २९ सप्टेंबर २०१७ रोजी पुलाच्या जिन्यावर २३ माणसे चेंगरून मेली होती. मी आईचा दंड घट्ट धरला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका पोराने “मावशी, कठडा धरा” म्हणत पाठीने गर्दी अडवली. आई हसली, तोही हसला.

खाली उतरून तिने गिरणीचे दार शोधले. तिथे काचेचे दार होते. रखवालदाराने विचारले, कोणाकडे जायचे आहे?