दुरेघी वही

सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबतो, तेव्हा वर्गात कुणालाच घड्याळ पाहावं लागत नाही. झाकणं घट्ट लावलेले उंच डबे खाली उतरतात, हळद-जिऱ्याचा वास जिन्यानं वर चढतो आणि फळ्यावरची हातच्याची वजाबाकी अर्ध्यावर राहते. हातचा एक कुठं गेला याची चौकशी जेवण झाल्यावर.

विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतचा हा सगळा पट्टा पोटामागं आलेल्यांचा. उल्हासनगर तर उभंच राहिलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या पायांवर. 8 ऑगस्ट 1949 ला त्याला नाव मिळालं, तरी लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प'च आहे. रांगेत उभं राहून धान्य घेणं म्हणजे काय, हे या गावातल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. म्हणूनच असेल, इथं जेवू घालायला हात चटकन पुढं येतात, सिंधी दरबारांत भंडारे होतात. आज रांगेतली मुलं दुसरी आहेत. जीन्सचे धागे कापून देणाऱ्या आयांची, अंबरनाथ एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या बापांची, वालधुनीच्या काठावरच्या पत्र्याच्या घरांतली. याच वालधुनीच्या काठी 1060 सालचं शिवमंदिर आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना मंदिराचं कोरीवकाम दाखवतो, नदीकडं त्यांची पाठ राहील अशा बेतानं.

शाळेतलं हे जेवण आपसूक आलेलं नाही. 15 ऑगस्ट 1995 ला योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडं हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. ते घरच्या पातेल्यात शिजत आणि सगळ्या घराला पुरवावे लागत. मुलाच्या ताटात किती पडले, कोण मोजणार? 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, शिजवलेलंच जेवण द्या, तेव्हा कुठं चूल शाळेशी जोडली गेली. आता पहिली ते पाचवीच्या मुलामागं शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, पाच ग्रॅम तेल असा हिशेब असतो. बाजारात टोमॅटो कडाडले की त्या पन्नास ग्रॅमांचं काय होतं, हे अधिकाऱ्यांच्या आधी दुसरीतल्या पोरांना कळतं.

सोमवारी डबे लवकर रिकामे होतात. शिक्षकांना हे ठाऊक असतं आणि त्यावर कुणी फार बोलत नाही. एक मुलगी मला आठवते. ताटातले वाटाणे एकेक करून कडेला लावायची, सगळा भात संपवायची आणि मग ते वाटाणे सावकाश, मोजून खायची. वाढणाऱ्या मावशींनी तिला कधी 'आटप' म्हटलं नाही. "बाई, मावशींना अजून थोडं मागू?" असं मात्र ती आधी वर्गाच्या बाईंना विचारायची. राज्यात अशा स्वयंपाकी-मदतनीस बायांचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये ठरलं, तेही दहाच महिन्यांचं. मे महिन्यात त्यांनी काय खावं, हे कुठल्या परिपत्रकात वाचलेलं मला तरी आठवत नाही.

2023 च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. 2025 उजाडताच सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. मला खटकतं ते इथं. काल हक्काचं होतं ते आज कुणाच्या तरी वाढदिवसावर अवलंबून. खिचडी रोज येते, तिच्याबरोबर फोटोवाला येत नाही. पोर कुणाचे आभार न मानता जेवतं, आणि असंच जेवलं पाहिजे.

वह्यांचं तसं नाही. पुस्तकं बालभारतीची, फुकट मिळतात. 2023 मध्ये त्यांचे चार भाग करून धड्यांमागं कोरी पानंही जोडली होती. गरिबाच्या पोराला वही परवडत नाही, हे सरकारनं मान्य केल्यासारखंच झालं. 2025 मध्ये ती पानं गेली. आता पुन्हा जूनमधला मांडव, बॅनर, शाल-श्रीफळ, दोन तास भाषणं आणि मागच्या कव्हरावर हसऱ्या साहेबांचा फोटो असलेली वही. ऑगस्टपर्यंत साहेबांना चष्मा, मिशा आणि शिंगं फुटतात. चित्रकलेच्या तासाला एवढी एकाग्रता मी पाहिलेली नाही.

दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतात. बदलापूर-वांगणीकडच्या वीटभट्ट्या पेटतात आणि कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट तिकडं मुक्कामाला जातात. वसईकडं विधायक संसदेनं अशा मुलांसाठी थेट भट्टीवर भोंगाशाळा भरवल्या होत्या. इकडं मात्र एखाद्या पोराची पुस्तकं नुसतीच शाळेच्या कपाटात राहतात, आणि त्याच्या वाटची खिचडीही भट्टीपर्यंत जात नाही.

परवा एका मंडळाचे कार्यकर्ते शाळेत चौकशीला आले. दोनशे पानी, एकरेघी, जाड पुठ्ठ्याच्या वह्या देऊ म्हणाले, नमुनाही बरोबर होता. पहिलीच्या बाईंनी तो उलटून पाहिला आणि शांतपणे परत केला. "भाऊ, पहिलीला दुरेघी लागते, इंग्रजीला चाररेघी, गणिताला चौकटीची. शंभर पानी चालेल. पेन्सिली द्या, खोडरबर द्या, शार्पनर तर नक्की द्या, वर्गात एकच आहे. आणि थोड्या दिवाळीनंतरसाठी ठेवा. जूनमधल्या तोवर भरलेल्या असतात."

"पण ताई, कार्यक्रम जूनमध्येच आहे," भाऊ म्हणाले.